खणआळीतला काउंटर, मोबाईल की पडद्यामागची खोली?

फळ्यावर तारीख लिहायला हात वर केला की माझी ब्रा मागून वर सरकायची. लिहून झालं की मुलांकडे वळायच्या आधी, पदर सारखा करतेय असं दाखवत ती खाली ओढायची. एका तासात हे सहा-सात वेळा. अकरा वर्षं मी हेच धरून चालले होते, की नवी चप्पल चावते तशी ब्रा वर चढते, त्यात काय सांगायचं.

साताऱ्यात राहून ब्रा कुठून घ्यावी, याचं माझं उत्तर या एका त्रासावरून ठरलंय, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला तार टोचत असेल किंवा घामानं पुरळ येत असेल, तर तुमचा काटा दुसरीकडे झुकू शकतो. मी तिन्हीकडून घेऊन पाहिल्या आहेत: खणआळीतल्या होजिअरीच्या दुकानातून, मोबाईलवरून, आणि गेली दोन वर्षं पोवई नाक्याच्या बाजूला जिना चढून जावं लागणाऱ्या एका छोट्या दुकानातून.

खणआळीचं तुम्हाला वेगळं काय सांगायचं! लग्नाचा बस्ता असो की शाळेचा गणवेश, तिथे गेल्याशिवाय आपलं भागत नाही. ब्राही मी तिथूनच घ्यायचे. काउंटरपलीकडचे दादा सभ्य, बोलताना नजर खोक्यांवरच ठेवणारे. "कितीचा देऊ वहिनी?" "छत्तीस." खोकं उघडायचं, दोन अंगठ्यांनी इलॅस्टिक ताणून दाखवायचं, "बघा, कसलं दणकट आहे," आणि पाचव्या मिनिटाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू आपल्या पिशवीत. शेजारच्या गल्लीतली कुणी दिसायच्या आत बाहेर. कापड हाताला लागतं, सुती आहे की नाही हे चिमटीत कळतं, आणि तीनशेच्या आत काम होतं. घाईच्या बाईला हे सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही.

पण तिथे कप, म्हणजे वाटीचं माप, कुणी विचारत नाही. मीच एकदा विचारलं, तर "सगळा बी कपच येतो वहिनी, तोच चालतो" असं उत्तर मिळालं. कपाला ए, बी, सी, डी ही अक्षरं अमेरिकेत १९३० च्या दशकात लागली. आमच्या काउंटरपर्यंत पोहोचताना त्यांतलं एकच टिकलं. आणि घालून बघायची सोय नाही. "हातात धरून अंदाज घ्या की" म्हणतात. बदलूनही मिळत नाही, तशी पाटीच असते. ते स्वच्छतेच्या दृष्टीनं बरोबर आहे, माझी तक्रार पाटीबद्दल नाही. घालून बघायचं नाही आणि परतही द्यायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की सगळा जुगार गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो, एवढंच.

माझं ३६ हे माप कुठून आलं, ते आठवायला बसले तर आठवेना. लग्नाआधी आईबरोबर गेले होते, तेव्हा कुणीतरी नजरेनं ठरवलं असणार. आई तर ब्रा म्हणायचीच नाही, "बॉडी" म्हणायची, तेही हळू आवाजात. तिथून तो आकडा जन्मतारखेसारखा चिकटला.

मोबाईलकडे वळले ती लॉकडाऊनमध्ये. मागवायचं म्हणजे माप टाकणं आलं, म्हणून शिवणाच्या डब्यातली टेप काढली. छातीच्या खाली, श्वास सोडून, टेप घट्ट धरून ३१ इंच. छातीवरून, टेप सैल ठेवून ३६. आता छातीखालून पाठीमागे जाते ती पट्टी, ३१ च्या पुढची ३२ ची. छातीचं माप आणि पट्टी यांच्यात ४ इंचांचा फरक. एका इंचाला ए, दोनाला बी, तिनाला सी, चाराला डी. म्हणजे मी ३२ डी! स्वतःशीच हसले. डी म्हणजे काहीतरी भलतंच मोठं, आणि ३२ म्हणजे कॉलेजची मुलगी, अशी माझी समजूत होती.

इथे बऱ्याच जणी अडखळतात, म्हणून जरा थांबते. अक्षराला एकट्याला अर्थ नाही. पट्टीचा आकडा दोनानं कमी केला की अक्षर एकानं पुढे जातं, वाटी तेवढीच राहते. ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी यांची वाटी जवळपास सारखी. म्हणजे अकरा वर्षं माझी वाटी बरोबर होती. तिथे काही सांडत नव्हतं, सुरकुतत नव्हतं, म्हणून संशयही आला नाही. चुकत होती ती खालची पट्टी, चांगली चार इंचांनी. आणि खरा भार पेलते ती पट्टीच. खांद्यावरचे पट्टे जास्तीत जास्त हाताला हात लावतात. पट्टी सैल असली की पुढचं वजन खाली जातं आणि मागची बाजू वर चढते, तराजूची दोन पारडी जशी. आपण काय करतो, खांद्याचे पट्टे आखूड करतो. त्यानं पाठीमागची पट्टी आणखी वर ओढली जाते आणि वर खांद्याला वळ उठतात. मी हेच करत होते.

तर मोबाईलची मोठी जमेची बाजू ही, की ३२ डी नावाची वस्तू अस्तित्वात आहे हे मला तिथे कळलं. नुसती अंतर्वस्त्रं विकणाऱ्या जिवामेसारख्या कंपन्या २०११ च्या सुमाराला आल्या आणि खणआळीत कधी न दिसलेली मापं घरपोच मिळायला लागली. कुणाच्या डोळ्याला डोळा न भिडवता, रात्री अकरा वाजता, मुलं झोपल्यावर. सवलतीही बऱ्या असतात. पहिली मागवली ती छान बसली. त्या जोरावर दुसऱ्या एका कंपनीची तेच माप टाकून मागवली, तर तार थेट काखेत. तिसरीची पट्टी एवढी घट्ट, की संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांवर मी चिडचिड केली. आकडा एकच, पण प्रत्येकाचा साचा वेगळा, कापडाचा ताण वेगळा. काही ठिकाणी परत घेतात, काही ठिकाणी अंतर्वस्त्रं म्हणून घेत नाहीत, हे मागवायच्या आधी बारीक अक्षरांत वाचावं लागतं. मी वाचलं नव्हतं. कपाटात अशा तीन पडून आहेत. एकदा तर पार्सल अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, घेतलं आणि जेवताना विचारलं, "पुस्तकं आली का गं तुझी?" हो म्हणाले. काय करणार!

पुण्याचं थोडक्यात. मॉलमध्ये मोठ्या दुकानांतून मापं घेणाऱ्या मुली असतात, चांगलं बघतात. पण ११० किलोमीटर आणि खंबाटकीचा घाट एका ब्रासाठी कोण ओलांडतंय? दुसऱ्या कामाला गेलात तर एकदा माप घेऊन या.

आता ते जिन्यावरचं दुकान. एका सहकारी बाईंनी सांगितलं म्हणून गेले. दुकान कसलं, दहा बाय दहाची खोली. साठीच्या काकू, गळ्यात टेप, आणि मागे पडदा लावलेली कोनाड्याएवढी जागा. त्यात आरसा आणि एक खुंटी. मी रुबाबात सांगितलं, "३२ डी." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि आधी ३४ सी हातात दिली. म्हणाल्या, "घालून तर बघ." सगळ्यात बाहेरचा हूक लावायला लावला. नवी असताना बाहेरच्या हुकावर नेमकी बसली पाहिजे, पुढे इलॅस्टिक सैल पडत गेलं की आतल्या हुकांवर जायचं, असं त्यांचं म्हणणं. मग ओणवं होऊन, काखेकडचं सगळं हातानं पुढे वाटीत घ्यायचं. हे मला चाळिशी गाठेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्याबाहेरून काकूंनी विचारलं, "काय करतेस तू?"

"शाळेत शिकवते."

"मग लिही बघू फळ्यावर."

मी आरशासमोर हवेत तारीख लिहिली. ३४ सी मागून दोन बोटं वर गेली. काकूंनी पडद्याच्या फटीतून ३२ डी आत सरकवली. पुन्हा तारीख, पुन्हा हात वर, चवड्यांवर उभं राहून अगदी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. पट्टी जागची हलली नाही. मी तीनदा लिहून पाहिलं.

या दुकानात उणं नाही असं नाही. माल थोडा. माझं माप बहुतेक वेळा शिल्लक नसतं, काकू वहीत लिहून घेतात आणि आठ-दहा दिवसांनी फोन करतात. रंग तीनच: पांढरा, काळा आणि कातडीच्या रंगाचा. मोबाईलवरच्यासारखी सवलत विसरा, खणआळीच्या दुप्पट-अडीचपट पैसे जातात. दुपारी एक ते चार दुकान बंद. आणि बोलायला बसल्या की अर्धा तास हलू देत नाहीत. तरी पैसे द्यायच्या आधी हात वर करून बघता येतो, आणि माझं घोडं तिथेच अडलेलं होतं. तुमच्या भागात असं दुकान आहे का हे शोधायचं असेल, तर फोन करून मापं, कंपन्या काही विचारू नका. "घालून बघता येतं का?" एवढंच विचारा.

ज्यांचं माप एका कंपनीत पक्कं बसलंय, त्यांनी मोबाईलवरून तीच, त्याच नावाची पुन्हा मागवावी, त्यात शहाणपण आहे. मीही घाईला तसं करते. नवीन प्रकार घ्यायचा असेल तर मात्र जिना चढते.

पॅड असलेली घ्यावी की बिनपॅडची, यावर काकूंचं आणि माझं एकमत आहे: जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात पॅडचं काही वाळत नाही. दोन दिवस दोरीवर, मग पंख्याखाली, तरी कुबट वास. पावसाळ्यात बिनपॅडच्या सुतीच बऱ्या.

एक खर्च मात्र मी धरला नव्हता. पट्टी जागेवर बसल्यावर छाती इंचभर वर आली आणि माझ्या सगळ्या ब्लाउजांचे टक्स खाली पडले. शिंपीणबाईंनी हातात घेऊन बघितलं, म्हणाल्या, "हे जुन्या मापावर शिवलेत, बाई." आठ ब्लाउज उसवायला टाकलेत, दिवाळीपर्यंत देते म्हणाल्यात. तेव्हा ब्लाउज शिवायला टाकणार असाल, तर आधी ब्रा घ्या आणि ती घालूनच माप द्यायला जा. परकर मात्र मी अजून खणआळीतूनच आणते.