थंडरबर्ड ५००ची चाके नव्याने बांधून घेताना : इंदूरमधील एका कारागिराचे काम

माझी रॉयल एनफील्ड थंडरबर्ड ५०० ही २०१३ सालची आहे. पुढच्या रिमला आतून गंज चढला होता, आणि भेरूघाटात एका खड्ड्यावर आदळल्यानंतर मागची रिम अशी वाकली की स्पोक कितीही आवळले तरी चाकाचा आऊट (फिरताना रिमचे डुलणे) निघेना. हे मॉडेल २०२० साली बंद झाले असल्यामुळे दुसऱ्या कोणत्या गाडीची चाके हिला बसतील, याचा शोध मी तीन महिने घेत होतो.

आधी एका दुकानातून जुनी अलॉय चाके घेतली. व्यास बरोबर होता, अ‍ॅक्सलही सहज गेला, त्यामुळे विक्रेत्याने ‘बसतात’ असे सांगितले. परंतु हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी वेगळी असल्यामुळे मागची डिस्क कॅलिपरला (डिस्क दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या भागाला) घासू लागली. दुकानदाराने ती परत घेतली नाहीत. रॉयल एनफील्डच्याच मीटिऑर ३५०च्या चाकांचाही विचार केला होता. तिचे मागचे टायर १४०/७०-१७ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) आहे आणि माझे १२०/८०-१८, म्हणजे चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटरने घटतो, गाडी मागून दहा-अकरा मिलिमीटर खाली बसते आणि टायर दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर रुंद होऊन चेनकडे सरकते. शेकडो किलोमीटर सामान लादून चालवायच्या गाडीत मला हे नको होते.

जवाहर मार्गालगतच्या एका गल्लीत, पाटीही नसलेल्या छोट्या जागेत चाके बांधणाऱ्या कारागिराने पहिल्याच भेटीत सांगितले की मूळ हब शाबूत असतील तर ते सोडू नयेत. कारण अ‍ॅक्सल, बेअरिंग, डिस्कची भोके, स्प्रॉकेट आणि त्यामागची रबरे हे सगळे हबवरच जुळलेले असते, आणि रिम बदलली तरी त्यातले काहीच हलत नाही. जुने स्पोक कापण्यापूर्वी त्यांनी हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून वहीत लिहून ठेवले. हे अंतर चुकले तर पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत येत नाही, आणि एकदा स्पोक निघाले की ते पुन्हा मोजायला काही उरत नाही. माझ्या मते संपूर्ण कामातली ही सर्वांत मोलाची दहा मिनिटे होती.

रिम निवडतानाही त्यांनी केवळ पुढचे १९ आणि मागचे १८ इंच हे आकडे पाहिले नाहीत. रिमवरील डब्ल्यूएम२ ही खूण १.८५ इंच रुंदीची आणि डब्ल्यूएम३ ही २.१५ इंच रुंदीची असते, हे दाखवून त्यांनी जुनीच रुंदी ठेवली. ३६ आणि ४० भोकांच्या रिममध्ये गल्लत होऊ नये म्हणून भोके मोजली, आणि भोकांचा तिरपेपणाही तपासला. मोठ्या ड्रम ब्रेकच्या हबसाठी पाडलेली भोके लहान हबला वापरली तर स्पोक निप्पलपाशी (रिमकडच्या टोकाच्या नटापाशी) वाकतो आणि पुढे तिथेच तुटतो. असे तुटलेले स्पोक त्यांनी डब्यात जपून ठेवले आहेत.

स्पोक एकदम न आवळता फेऱ्याफेऱ्यांनी आवळले गेले. बहुतेक मोटारसायकलींच्या सर्व्हिस पुस्तिकांत २ मिलिमीटरपर्यंतचा आऊट चालतो. डायल गेजवर (आऊट मोजणाऱ्या उपकरणावर) माझ्या चाकांचा अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला.

उणिवाही सांगायला हव्यात. काम चार दिवसांचे सांगून नऊ दिवस लागले आणि तपशीलवार बिल मागून घ्यावे लागले. स्पोकच्या रिममुळे ट्यूब कायम राहिली. प्रवासात पंक्चर झाले तर चाक उतरवावेच लागणार, आणि ज्यांना ही अडचण सोसणार नाही त्यांनी हा मार्ग धरू नये.

५०० किलोमीटरनंतर स्पोक पुन्हा आवळून देण्याचे वचन त्यांनी पाळले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतर खंडवा, बुऱ्हाणपूरमार्गे जळगावला जाऊन आलो. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे हँडलला येणारी थरथर आता येत नाही.