जर्मन पासपोर्ट घ्यायचा, की पीआरवर भारतीयच राहायचं?

27 जून 2024 ला जर्मनीने नागरिकत्वाचा कायदा बदलला आणि इथल्या मराठी घरांत एक गैरसमज झपाट्याने पसरला, की आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील. यातली अर्धी गोष्ट खरी आहे. जर्मनीची हरकत संपली. आठऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो आणि जुनं नागरिकत्व सोडून या, असं इथलं कार्यालय म्हणत नाही. पण भारताचा 1955 चा नागरिकत्व कायदा जागचा हललेला नाही. स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिक झालात की कलम 9 प्रमाणे भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं, मग तुम्ही ते सोडल्याचा अर्ज करा किंवा करू नका. त्यामुळे निवड पूर्वीचीच आहे: पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, घेऊन भारतीय राहायचं, की जर्मन होऊन ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते कार्ड, काढायचं.

घरचे सगळ्यात आधी सातबाऱ्याबद्दल विचारतात, म्हणून ते आधी. वडिलोपार्जित शेती वारसाहक्काने ओसीआयधारकालाही मिळते, तशीच परदेशात राहणाऱ्या भारतीयालाही मिळते. वारस नोंद लागते. विकायची झाली तर दोघांनाही ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. नवी शेतजमीन परदेशात असताना दोघांनाही घेता येत नाही. फ्लॅट दोघांनाही घेता येतो. फरक पडतो तो परतल्यावर. भारतीय नागरिक गावी कायमचा राहायला आला आणि महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे शेतकरी असला, तर शेजारचा एकरभर तुकडा घेऊ शकतो. ओसीआयधारक घेऊ शकत नाही. निवृत्तीनंतर शेती वाढवायचं स्वप्न असेल तर हे आजच ध्यानात घ्या. नसेल, तर सातबाऱ्याच्या काळजीने पासपोर्टचा निर्णय करू नका.

खरी अडचण दिवसांच्या हिशेबात आहे. साधा पीआर सहसा सलग सहा महिने जर्मनीबाहेर राहिलं की रद्द होतो, आधी परवानगी काढून मुदत वाढवून घेतली असेल तर वाचतो. माझ्या एका मैत्रिणीच्या आईला सांगलीत पक्षाघात झाला. ही रजा टाकून गेली. आईला हाताला धरून व्हरांड्यात चालवायची आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज एक दिवस खोडायची. सहा महिने भरायच्या आत परत येणं भाग होतं, आणि आई तेव्हा कुठे आधाराशिवाय चार पावलं टाकायला लागली होती. ज्यांचे आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत आणि भावंडं नाहीत, त्यांनी निदान युरोपियन युनियनचा दीर्घकालीन पीआर तरी काढून ठेवावा. तो युनियनबाहेर सलग बारा महिने राहिल्यावर जातो, आणि आधी ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा युरोपियन परवाना) असेल तर चोवीस महिन्यांनी. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण साध्या पीआरवरच थांबतात. जर्मन पासपोर्टला ही मुदतच नाही, आणि ओसीआयवर भारतात हवं तितकं राहता येतं. आईवडिलांच्या सेवेसाठी भारतीय पासपोर्टच हवा, ही समजूत म्हणूनच उलटी आहे.

मग गमावतो काय? मत. ओसीआयधारकाला मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. संशोधन किंवा पत्रकारितेसाठी 2021 पासून वेगळी परवानगी लागते. शिवाय कार्ड सरकार रद्द करू शकतं. ते हक्कापेक्षा आजन्म व्हिसाच्या जास्त जवळचं आहे, आणि मला याचं मनापासून दुःख होतं. पण माझ्या भारतीय मताचं आज काय होतं तेही बघायला हवं. परदेशातून फॉर्म 6ए भरून यादीत नाव येतं, मात्र मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर जावं लागतं. बारा वर्षांत मला एकदाही जमलेलं नाही. आणि इथे 23 फेब्रुवारी 2025 च्या बुंडेस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, निवडणुकीत शेजाऱ्यांच्या पेटीत टपाली मतपत्रिका आल्या, माझ्या पेटीत नाही. कर मी भरते, मुलं इथल्या शाळेत जातात, स्थलांतरितांबद्दलचे कायदे माझ्याबद्दलच असतात, आणि त्यावर माझं मत शून्य. पीआर कितीही पक्का असला तरी महापालिकेच्या निवडणुकीतही मत मिळत नाही. माझ्या लेखी तराजू इथे झुकला.

मुलांचं गणित वेगळं आहे. जर्मनीत जन्मलेलं मूल, आईवडिलांपैकी एकाला जन्मावेळी इथे पाच वर्षं झालेली असतील आणि पीआर असेल, तर जन्मतःच जर्मन असतं. त्यासाठी तुम्ही पासपोर्ट बदलायची गरज नाही. इथे येऊन राहिलेल्या मुलांचा अर्ज मात्र आईवडिलांसोबत करता येतो, 255 युरोंऐवजी 51 युरोंत. पण दोन-चार वर्षांत परतून मुलांना पुण्यात डॉक्टर करायचं मनात असेल तर थांबा. 4 मार्च 2021 नंतर ओसीआय झालेल्यांना नीट किंवा जेईईमधून फक्त एनआरआय कोट्याच्या किंवा मूळ संख्येबाहेरच्या जादा जागा मिळतात, भारतीय नागरिकांसाठीच्या नाहीत.

पेन्शन नागरिकत्वावर अवलंबून नाही. अमेरिकेसारखा पासपोर्टमागे जगभर येणारा करही जर्मनीत नाही, तो तुम्ही कुठे राहता यावर ठरतो. जर्मन भाषेची बी1, म्हणजे मध्यम पातळीची, परीक्षा आणि 33 पैकी 17 उत्तरं बरोबर लागणारी नागरिकत्वाची परीक्षा अभ्यास केला की सुटते.

माझं मत सरळ सांगते. पाच-सात वर्षांत नक्की परतणार असाल तर युरोपियन पीआर घ्या आणि भारतीय राहा. मुलं इथेच वाढणार असतील तर जर्मन व्हा आणि मत द्या. भारताचं दार कायमचं बंद होतं असंही नाही: ओसीआय म्हणून पाच वर्षं झाली आणि भारतात बारा महिने राहिलात, तर परकीय नागरिकत्व सोडून पुन्हा भारतीय होण्यासाठी अर्ज करता येतो.

एका फटीबद्दल मात्र कुणी आधी सांगत नाही. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडतं त्या क्षणापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो वाणिज्य दूतावासात जमा करायचा. पीआरचं कार्डही काढून घेतलं जातं. जर्मन पासपोर्ट यायला काही आठवडे, ओसीआयला त्याहून जास्त. त्या काळात घरून फोन आला, तर एक्स्प्रेस पासपोर्ट आणि व्हिसा एवढाच मार्ग. माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. प्रमाणपत्राचं बोलावणं त्याआधी आलं, तर मी पुढची तारीख मागणार आहे.