आगीच्या तपासातील श्वानपथक : सेवेचा अभिप्राय

आमच्या गोदामाच्या आगीनंतर तपासासाठी आलेल्या खासगी श्वानपथकाचे काम समाधानकारक वाटले. राख निवल्यावर आत सोडलेली लॅब्राडोर कुत्री काहीही न उकरता, पेट्रोलसारख्या ज्वलनशील द्रवाचा वास आल्याचा इशारा म्हणून, दोन ठिकाणी शांतपणे बसली आणि तिथले नमुने, तसेच तुलनेसाठी दुसरीकडचे नमुनेही, हवाबंद डब्यांत भरले गेले. मला विशेष भावला तो श्वानहस्तकाचा संयम : जळालेले प्लास्टिक व गालिचेही पेट्रोलजन्य द्रवांसारखी संयुगे सोडतात, त्यामुळे प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने (नमुन्यातील घटक वेगळे करून तपासण्याच्या पद्धतीने) दुजोरा मिळेपर्यंत कुत्रीचा इशारा हा पुरावा नव्हे, असे त्याने स्वतःहून सांगितले. (बक्षिसाचा खाऊ मात्र तिला लगेच मिळाला.) लेखी अहवालासाठी तीनदा पाठपुरावा करावा लागला, ही तक्रार उरतेच.