'चटणी कांडून मिळेल': कोल्हापुरातील एका कांडप केंद्राचा अनुभव

कोल्हापुरात आमच्या घराजवळच्या कांडप केंद्राबाहेर 'येथे चटणी कांडून मिळेल' अशी पाटी आहे. माझे माहेर पुण्याचे. तिकडे चटणी म्हणजे ओल्या नारळाची, शेंगदाण्याची किंवा कारळ्याची, पानात डाव्या बाजूला वाढायची. कोल्हापुरात मात्र नुसते 'चटणी' म्हटले की लाल मिरचीचा, वर्षभर पुरणारा कांदा-लसूण मसाला समजला जातो, आणि तो पानात नव्हे, फोडणीत पडतो. लग्नानंतर सासूबाईंनी 'रश्शाला दोन चमचे चटणी घाल' असे सांगितले, तेव्हा कोणती चटणी, असे मला विचारावे लागले होते.

यंदा एप्रिलमध्ये मी स्वतः साहित्य घेऊन गेले. रंगासाठी ब्याडगी, चवीसाठी संकेश्वरी आणि तिखटपणासाठी थोडी लवंगी मिरची, अशा तिन्ही मिरच्या देठ काढून कडक उन्हात वाळवल्या होत्या. धने, जिरे, तीळ, सुके खोबरे आणि खडा मसाला तेलावर वेगवेगळा भाजून नेला होता. मी सवयीने 'मसाला कांडायचा आहे' म्हणाले, तर तेथील मावशींनी 'नुसता खडा मसाला, का चटणी?' असे विचारले. त्यांच्या दृष्टीने ही दोन निराळी कामे आहेत.

काम त्यांनी फार मनापासून केले. मिरची हातात मोडून पाहिली आणि थोडी सर्द लागली म्हणून पुन्हा तासभर उन्हात घालायला लावली. आधी मिरची कुटून चाळली, चाळणीवर राहिलेला चाळ परत उखळात टाकला, मग मसाला मिसळला आणि तळलेला कांदा, लसूण व मीठ अगदी शेवटी घातले, कारण ओलसर जिन्नस आधी पडले तर सगळ्याचा गोळा होतो आणि चाळता येत नाही. पोलादी मुसळांच्या घावाखाली भुकटी हळूहळू तेलकट, गडद लाल होत गेली आणि तिचा वास घरी येईपर्यंत पदराला होता. गिरणीतून दळून आणलेल्या तिखटाला हा ओलावा आणि ही चव मला कधी मिळालेली नाही.

उणीव एकच आहे: नंबर लावण्याची पद्धत नाही. उन्हाळ्यात गर्दी असते, त्यामुळे मला तीन तास थांबावे लागले, आणि ठसक्यामुळे आत बसणे कठीण होते. सोबत लहान मूल असेल तर सकाळी उघडताच जावे, नाकाला रुमाल बांधावा आणि डबा पूर्ण कोरडा न्यावा. चटणी कोमट असताना बरणीत भरू नये. मी ती रात्रभर परातीत पसरून ठेवली, सकाळी दाबून भरली आणि वर हिंगाचे खडे ठेवले. आता जुलै संपत आला आहे, तरी रंग आणि वास तसाच आहे, आणि पुण्याला आईकडे पाठवलेल्या डब्यावर मी मुद्दाम 'भाजीत घालायची चटणी' असे लिहिले आहे.