दोन डिस्काउंट ब्रोकर, अकरा महिने वापरल्यानंतर

अकरा महिने मी दोन डिस्काउंट ब्रोकरकडे, म्हणजे सल्ला न देता कमी कमिशनमध्ये शेअरची खरेदी-विक्री करून देणाऱ्यांकडे, एकाच वेळी खातं चालवतोय. दोन्हीकडे बहुतेक तेच शेअर, तेवढेच पैसे, आणि घेऊन ठेवण्याची सवय. रोजची उलाढाल नाही. खाती उघडताना दोघांची दरपत्रकं शेजारी ठेवून रात्रभर बसलो होतो. त्यातल्या फरकाने पुढे माझं काहीच अडलं नाही.

स्वस्तपणा आता सगळीकडेच आहे. अमेरिकेत १ मे १९७५ रोजी ठरावीक कमिशनची सक्ती उठली आणि असे ब्रोकर पुढे आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या बड्या ब्रोकरांनी शेअरवरचं ऑनलाइन कमिशन पाठोपाठ शून्यावर आणलं. पण ब्रोकरची कमाई दुसरीकडून होतेच: खात्यात पडून असलेल्या पैशावरचं व्याज, उधारीवरच्या खरेदीचं व्याज, चलन बदलताना सुटणारा फरक. पहिल्या ब्रोकरकडे माझ्या पडून राहिलेल्या रकमेवर मला काहीच मिळत नाही, हे चौथ्या महिन्यात लक्षात आलं. दरपत्रकात ही ओळ नव्हती.

खरा कस लागला सातव्या महिन्यात. एका कंपनीने एकाचे पाच असं शेअरचं विभाजन केलं, म्हणजे शेअर पाचपट आणि प्रत्येकाचा भाव एक पंचमांश. दोन्ही खात्यांत माझे १२-१२ शेअर होते, त्यांचे ६० व्हायचे होते. सकाळी पहिलं अ‍ॅप उघडलं तर भाव एक पंचमांश, शेअर मात्र १२ च, आणि लाल आकड्यांत ८० टक्के तोटा. नवे शेअर जमा व्हायला वेळ लागू शकतो हे ठाऊक होतं, तरी पोटात गोळा आला. चॅटवर विचारलं तर तेच तयार उत्तर तीनदा आलं.

दुसऱ्या अ‍ॅपमध्ये त्याच शेअरच्या ओळीखाली लिहिलं होतं की विभाजनाची प्रक्रिया चालू आहे, तोवर दिसणारा तोटा खरा नाही. तरी फोन केला. पलीकडच्या बाईंनी खातं उघडून पाहिलं आणि शेअर कधी जमा होतील तो दिवसही सांगितला. गंमत म्हणजे शेअर दोन्हीकडे एकाच दिवशी आले. पहिल्याकडे सरासरी खरेदी भाव मात्र जुनाच राहिला, तो दुरुस्त व्हायला १९ दिवस आणि चार तक्रारी लागल्या.

दुसऱ्यातही खोट आहे. चार्ट कामचलाऊ आहेत. एकदा ४० शेअरची लिमिट ऑर्डर (मी ठरवलेल्या भावाला किंवा त्याहून स्वस्तच घ्यायची) टाकली, १३ च मिळाले, बाकीची ऑर्डर दिवसअखेर रद्द झाली आणि त्याची सूचनाच आली नाही. हे मला अजूनही खटकतं.

अ‍ॅपखालचे तारे मी आता बघत नाही. बरेच जण पहिल्या आठवड्यात, खातं झटपट उघडल्याच्या आनंदात तारे देतात. मीही दिले होते. कुणी ब्रोकर चांगला म्हणालं की मी दोनच गोष्टी विचारतो: पैसे काढून पाहिलेत का, आणि तक्रार करायची वेळ आली तेव्हा माणूस भेटला का?

गेल्या महिन्यात पहिल्याकडचे सगळे शेअर दुसऱ्याकडे हलवले. नवव्या दिवशी ते पोचले, पण खरेदीचे भाव सोबत आले नाहीत. पहिल्या दिवसापासूनची व्यवहारपत्रं जपून ठेवली होती, त्यावरून एकेक भाव हाताने भरला.