कंट्री हाऊसचं सभासदत्व, वर्ष संपता संपता: व्याख्यानं डोळे झाकून घ्या, कार्यशाळा उजेड बघून घ्या

नूतनीकरणाचं पत्र आलं आहे, म्हणून लिहायला बसले. इंग्लंडच्या मधल्या भागातलं, मिडलंड्समधलं अठराव्या शतकातलं कंट्री हाऊस (जमीनदारांचा खेड्यातला जुना वाडा), महिन्याला एखाद-दुसरं कलाविषयक व्याख्यान, तबेल्याच्या इमारतीत कार्यशाळा, सभासदांना सवलत, पार्किंग फुकट. अशा योजना इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे त्यात शिरत नाही. घराचं नाव लिहिणार नाही. माझी एक तक्रार त्यांच्याकडे अजून पडून आहे आणि ती मिटण्याआधी नाव घेणं मला बरं वाटत नाही.

तक्रार उजेडाची आहे. नोव्हेंबरात मी जलरंगातल्या पानाफुलांची कार्यशाळा घेतली. वेळ दुपारी दोन ते पाच. या देशात नोव्हेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शेवटचा तास, ज्यात खरं रंगकाम व्हायचं, तो पूर्ण दिव्यांवर. आणि दिवे कसले, तर उपाहारगृहात जेवणाच्या टेबलावर लावतात तसे पिवळट, मंद. शिकवणाऱ्या बाई उत्तम होत्या. पानाची शीर आधी कोरी सोडायची, मग दोन्ही बाजूंनी ओला रंग आणून भिडवायचा, हे त्यांनी इतक्या शांतपणे दाखवलं की हात आपोआप स्थिरावला. पण पिवळ्या उजेडात निळा रंग मरतो. तो काळपट दिसतो, म्हणून आपण हिरव्यात आणखी निळा घालतो. संध्याकाळी हॉलीचं पान सुरेख दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी कागद धरला, तर पान मोरपिशी. शेजारच्या टेबलावर बसलेल्या दोघींचंही हेच झालं, आम्ही फोटो पाठवून ताडून पाहिलं.

शुल्क ६५ पौंड, वर सामग्रीचे १२. त्या १२ पौंडांत कागदाचा एक ताव आणि वापरून परत द्यायचे ब्रश. ६५ बद्दल माझं काही म्हणणं नाही, तीन तास एक जाणकार माणूस तुमच्या हाताकडे बघत असतो. पण ७७ पौंड घेऊन रंगांचं काम करायला बसवायचं आणि रंग दिसतील एवढा उजेड द्यायचा नाही, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही.

मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की इमारत संरक्षित यादीत असल्यामुळे प्रकाशयोजनेत बदल करता येत नाही. मी पुन्हा लिहिलं. छताला भोकं पाडून नवे दिवे बसवायचे असतील तर परवानगी लागेल, हे खरं. आहे त्याच होल्डरमधला बल्ब काढून दुसरा लावायला कोण परवानगी मागतं? बल्बच्या खोक्यावर ‘सीआरआय’ नावाचा आकडा असतो. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते माप, कमाल शंभर. चित्रकामासाठी नव्वदच्या वरचा घ्यावा, आणि पिवळट २७०० केल्विनऐवजी (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) दिवसाच्या उजेडाजवळ जाणारा, पाच हजारांच्या आसपासचा. अख्ख्या खोलीचे बल्ब दोन-तीन जणांच्या शुल्कात येतील. या पत्राला उत्तर म्हणून ‘आपला अभिप्राय संबंधितांकडे पाठवला आहे’ एवढीच ओळ आली.

खरं तर तेव्हा माझा राग घराच्या आतल्या अंधारावरही होता. वरच्या मजल्यावर विणलेल्या मोठ्या पडद्यांची, टॅपेस्ट्रीची खोली आहे. भर दुपारी तिथे ब्लाइंड खाली असतात आणि भिंतीपाशी जाऊन डोळे बारीक केल्याशिवाय काही कळत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे का, असं मला वाटायचं. जानेवारीतल्या व्याख्यानाने ते मत बदललं.

हिवाळ्यात घर बंद असतं तेव्हा आत काय चालतं, यावर ते व्याख्यान होतं. जतनाचं काम करणाऱ्या बाई बोलल्या. फर्निचरवर आच्छादनं घालायची, कोरीव लाकडातली धूळ मऊ केसांच्या ब्रशने उडवून दुसऱ्या हातातल्या व्हॅक्यूमच्या तोंडाशी न्यायची, एकेक पुस्तक बाहेर काढून झटकायचं. जुन्या खुर्च्यांवर ‘बसू नका’ अशी पाटी न लावता काटेरी टीझलचं वाळलेलं बोंड किंवा पाइनचं फळ ठेवतात, तेही त्यांनीच सांगितलं. पण माझ्यासाठी मोलाचा भाग उजेडाचा होता. कापड, जलरंग, कागद यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड पडू द्यायचा, तैलचित्रांना २०० च्या आसपास चालतो. उजेडाने होणारी हानी साठत जाते आणि ती कधीच भरून निघत नाही. कापडाला विश्रांती दिली म्हणून उडालेला रंग परत येत नाही. त्यामुळे एका वर्षात एका वस्तूवर एकूण किती उजेड पडला याचा ते हिशोब ठेवतात आणि घर बंद असतं त्या महिन्यांत खोल्या पूर्ण काळोखात ठेवतात.

मग त्यांनी आम्हाला वर नेलं आणि टॉर्चच्या उजेडात पडद्यावरची झाडं दाखवली. पानं निळी आहेत. मूळची ती हिरवी होती. जुन्या युरोपात हिरवा रंग एका दमात निघत नसे. धागा निळ्यात बुडवायचा आणि वेल्ड नावाच्या झाडाच्या पिवळ्यातही. निळा टिकला, पिवळा उजेडाने खाल्ला, आणि तीनशे वर्षांनी जंगल निळं झालं. पडद्याची कडा उलटून त्यांनी मागची बाजू दाखवली, तिथे हिरवा अजून जिवंत होता. ते पाहिल्यावर घरातल्या अंधाराबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली आणि तसं त्यांना लिहूनही कळवलं.

तबेल्याबद्दलची तक्रार मात्र त्या दिवशी दुप्पट झाली. जी संस्था हातात मीटर घेऊन एका पडद्यासाठी लक्स मोजते, तिने तेच मीटर अंगण ओलांडून शंभर पावलांवर न्यावं. तिथे जुनं कापड नाही, विटांच्या भिंती आहेत आणि पैसे भरून आलेली माणसं आहेत. उजेड म्हणजे काय हे ज्यांना इतकं नेमकं कळतं, त्यांनीच ही हयगय करावी याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता व्याख्यानांबद्दल, कारण सभासदत्वाचे पैसे तिथेच वसूल होतात. तिकीट १४ पौंड, सभासदांना १०, सोबत चहा आणि स्कोन. छिटांवरचं, म्हणजे रंगीत नक्षीच्या सुती कापडांवरचं व्याख्यान विशेष झालं. कोरोमंडल किनाऱ्यावर छीट कशी व्हायची ते वक्त्यांनी टप्प्याटप्प्याने सांगितलं. कापड हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं, लाल हवा तिथे तुरटी, काळा हवा तिथे लोखंडाचं पाणी कलमाने भरायचं, मग चाय नावाच्या मुळीबरोबर उकळायचं. निळा हवा तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी सगळं मेणाने झाकायचं आणि निळीत बुडवायचं. पिवळा सगळ्यात शेवटी, निळ्यावर हाताने. म्हणून छिटांवरची पानंही कालांतराने निळी पडतात. हिरडा आणि तुरटी हे शब्द आल्यावर मी एकटीच मान डोलावत होते, बाकीच्यांना हिरडा म्हणजे काय ते विचारावं लागलं.

या कापडाची इथे इतकी ओढ लागली की इथल्या विणकरांना वाचवायला इंग्लंडने आधी १७०० साली आयातीवर आणि मग १७२१ साली वापरावरच बंदी घातली. ती १७७४ पर्यंत होती. डेव्हिड गॅरिक या नटाच्या पत्नीला पलंगाच्या पडद्यांसाठी कलकत्त्याहून भेट आलेली छीट कस्टम्सने जप्त केली होती. तो पलंग आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. वेल्समधल्या पॉविस कॅसलमध्ये टिपू सुलतानचा छिटाचा तंबू आहे. तो तिथे कसा पोचला, हे वक्त्यांनी काहीही न गुळगुळीत करता सांगितलं. जुनी घरं आणि जागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० साली आपल्या ९३ ठिकाणांचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध मांडणारा अहवाल काढला, तेव्हा इथे मोठा गदारोळ झाला होता. या घरात तो विषय टाळत नाहीत, ही माझ्या दृष्टीने मोठी जमेची बाजू.

आणि फेब्रुवारीत मला ध्यानीमनी नसताना पुणं भेटलं. विषय होता अठराव्या शतकात हिंदुस्थानात गेलेले ब्रिटिश चित्रकार. जेम्स वेल्स या चित्रकाराची पाटी पडद्यावर आली आणि पाठोपाठ सवाई माधवराव आणि नाना फडणीस. पुण्याचा रेसिडेंट (इंग्रजांचा वकील) चार्ल्स मॅलेट, टिपूविरुद्ध पेशवे आणि इंग्रज यांच्यातला १७९० चा तह, त्या दरबाराचं थॉमस डॅनिएलने १८०५ साली पूर्ण केलेलं भलं मोठं चित्र, इथवर मला थोडंफार ठाऊक होतं. नंतर गंगाराम तांबट यांची चित्रं आली. शनिवारवाड्यातल्या चित्रशाळेशी जोडलेला, वेरूळची लेणी मापात काढणारा मराठी चित्रकार. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यांनी काढला आहे, कातडीच्या घड्या एकेक करून. ही चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. इंग्लंडच्या एका खेड्यात, या घराच्या वाचनालयात बसून, आजूबाजूला सगळे अनोळखी गोरे आजी-आजोबा, आणि पडद्यावर ‘तांबट’. माझे डोळे भरून आले. चहाच्या वेळी वक्त्यांना मी हे आडनाव नीट कसं उच्चारायचं ते सांगितलं, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता शुल्काचा दुसऱ्या बाजूने विचार. एवढी मोठी घरं चालवणं सोपं नाही, हे मान्य. विसाव्या शतकात वारसाकर आणि खर्चापायी अशी शेकडो घरं पाडली गेली, १९७४ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये त्यावर प्रदर्शनच भरलं होतं. कार्यशाळांच्या पैशांतून छप्पर शाकारलं जात असेल तर मी आनंदाने देईन. पण मग सामग्रीचे १२ पौंड वेगळे काढून शेवटच्या पानावर दाखवू नयेत, पहिल्यापासून ७७ म्हणावं.

मे महिन्यात मैत्रिणीच्या आग्रहाने निळीच्या कार्यशाळेला गेले. ही ऑरेंजरीत होती. संत्र्या-लिंबाची झाडं हिवाळ्यात जगवायला बांधलेली दक्षिणाभिमुख इमारत, जमिनीपासून छतापर्यंत काच. बादलीत नीळ, चुना आणि फळांची साखर. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी साखर आणि चुना घालून तिला विरघळणाऱ्या रूपात आणावं लागतं आणि तेव्हा ती पिवळट-हिरवी होते. कापड बाहेर काढलं तेव्हा पोपटी होतं. मग हवा लागली आणि डोळ्यांदेखत हिरवा मागे सरत निळा पुढे आला, आधी कडांना, मग घड्यांच्या आत. हे घडताना बघायचं असतं, आणि त्या काचेच्या खोलीत रंगाची प्रत्येक पायरी दिसली. तिथेही शुल्क तेच, ६५ आणि १२. एक पैही जास्त वाटली नाही. घरी आणलेली ओढणी खिडकीत, ट्यूबखाली, बाहेर उन्हात, सगळीकडे तीच निळी आहे.

माझं माहेर सिंधुदुर्गातलं. सावंतवाडीच्या राजवाड्यात दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा रंगवत बसतात, ते लहानपणापासून पाहिलं आहे. दशावताराचे १२० गोल पत्ते, तळहाताएवढ्या जागेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे. तिथे काम दिवसाउजेडी चालतं. ज्या घराकडे ऑरेंजरी आहे त्याने हिवाळी कार्यशाळा दोन ते पाच ठेवायचं काहीच कारण नाही. दहा ते एक ठेवा, बल्ब न बदलताही अर्धा प्रश्न सुटतो. हे मी तिसऱ्या पत्रात लिहिलं आहे.

तर ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी असं करावं. सभासदत्व घ्या, व्याख्यानं एकही सोडू नका, विशेषतः घर बंद असतानाची. रंगाची कार्यशाळा एप्रिल ते सप्टेंबरमध्येच घ्या आणि जागा तबेला की ऑरेंजरी, हे फोनवर विचारून मगच पैसे भरा. लिनोकट (लिनोलियम कोरून केलेली छपाई), पुस्तकबांधणी, टोपल्या विणणं असल्या कामांना तबेल्यातला उजेड पुरतो, त्या हिवाळ्यातही चालतील. रविवारी बस नाही, गाडी नसेल तर शनिवारचं बघा.

मी नूतनीकरणाचे पैसे काल भरले. नोव्हेंबरची जलरंग कार्यशाळा यंदाही वेळापत्रकात आहे, वेळ तीच, दोन ते पाच. बल्ब बदलले किंवा वेळ सकाळची केली, तर या लिखाणाखाली तसं नोंदवीन आणि घराचं नावही लिहीन.