लव्हेंडरच्या पिंपाखालचं झाकण

"ते राहू दे. मोरीचं पाणी कुठं सोडलंय?"

पलूसहून व्हिडिओ कॉलवर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांना घराच्या काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटी दाखवत होते, मागची सफरचंदाची झाडं दाखवत होते. मला हसूच आलं. म्हटलं, दादा, हे इंग्लंड आहे. त्या हसण्याची किंमत पुढे सतरा हजार पौंड झाली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

घर हेरफर्डशायरच्या उत्तरेला, लेम्स्टरपासून पंधरा मिनिटांवर. (लिहितात लिओमिन्स्टर, पण तसं म्हणालात तर लोक ओळखतात की तुम्ही बाहेरचे.) नवऱ्याची नोकरी हेरफर्डला, सहा वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढलेली, दोन मुलं. गावात एक चर्च, एक पब आणि रात्री कान दुखेल इतकी शांतता. गॅसची लाइन नाही, सगळी घरं आवारातल्या तेलाच्या टाकीवर तापतात. गटाराची लाइनही नाही, प्रत्येकाचा आपापला सेप्टिक टँक. एजंट म्हणाला, इथे नवीन घरं होत नाहीत, त्यामुळे भाव टिकून राहतो. त्यात खोटं काही नव्हतं. लग नदीत फॉस्फेट इतकं वाढलंय की 2019 पासून तिच्या खोऱ्यात नव्या घरांच्या परवानग्या अडकून पडल्या होत्या. नदीत फॉस्फेट येतं ते शेतातल्या खतातून आणि सांडपाण्यातून. म्हणजे सांडपाण्यापायी बांधकामं अडलेल्या भागात मी घर घेत होते आणि सांडपाण्याची चौकशी तेवढी करत नव्हते.

विकणारे गृहस्थ सत्तरीचे, एकटे. आम्ही दोनदा घर बघायला गेलो, दोन्ही वेळा चहा झाला. निघताना डॅमसन नावाच्या जांभळ्या आंबट फळाच्या घरच्या जॅमची बाटली हातात ठेवली आणि म्हणाले, तुमच्यासारखं कुटुंब इथे राहायला आलं तर मला समाधान वाटेल. परक्या देशात इतकी वर्षं राहून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं की माणूस विरघळतोच. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी अर्धं कापलेलं लाकडी पिंप होतं, त्यात भरगच्च लव्हेंडर. मी त्याचा फोटोसुद्धा काढला.

घराचा सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून पाहणी, आम्ही केला होता, अगदी तपशिलातला, तिसऱ्या पातळीचा. अहवालात एक ओळ होती: मागील बाजूच्या चेंबरच्या झाकणावर जड कुंडी असल्याने झाकण उघडता आले नाही, ड्रेनेजची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. असल्या 'करून घ्यावी' त्या अहवालात तीस-एक होत्या. इंग्लंडमधला सर्व्हेअर दुसऱ्याच्या आवारातलं सामान हलवत नाही आणि नळ्यांत कॅमेराही घालत नाही. ती तपासणी वेगळी असते, काहीशे पौंडांची. ती आम्ही वाचवली.

इथे विकणारा घराच्या माहितीचा एक छापील फॉर्म भरून देतो. सेप्टिक टँकचं पाणी चरात, ओढ्यात सोडलेलं आहे का, असा प्रश्न त्यात होता. त्यांनी 'नाही' लिहिलं. शेवटचा उपसा कधी केला? 'माहीत नाही.' तीस वर्षं त्या घरात राहिलेल्या माणसाला आपला टँक कधी उपसला ते माहीत नाही, यावर आमच्यापैकी कुणालाच शंका आली नाही. शिवाय घर विकताना ही यंत्रणा कुठे आहे, कशी आहे, देखभाल कशी केली, हे नव्या मालकाला लेखी कळवायचं असा नियम आहे. आमच्या सॉलिसिटरने ते मागितलं. उत्तर आलं, कागद उपलब्ध नाहीत. तिने हे आम्हाला लांबलचक ईमेलमध्ये कळवलंही होतं. मी तो मुलांच्या शाळेबाहेर उभी राहून फोनवर वाचला.

घाई कसली होती? इथे करारांची अदलाबदल होऊन दहा टक्के भरेपर्यंत दोन्हीकडून कुणीच बांधलेलं नसतं. एजंट दर दोन दिवसांनी सांगायचा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दुसरं म्हणजे, 2023 साली पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सव्वाचार लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी माफ होती, आमचं घर 3 लाख 65 हजारांचं. (ही मर्यादा एप्रिल 2025 पासून तीन लाखांवर आलीय. आणि 'पहिलं घर' म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यात फ्लॅट नावावर असेल तर ही सवलत विसरा.)

मे महिन्यात राहायला आलो. उन्हाळा छान गेला. नोव्हेंबरात आठवडाभर पाऊस लागला आणि कुंपणापलीकडच्या चराला वास यायला लागला. खालच्या मजल्यावरचा संडास गुडगुडायला लागला. सेप्टिक टँक उपसणाऱ्या टँकरवाल्याला बोलावलं. तो आला, मागे गेला आणि काही न विचारता सरळ लव्हेंडरचं पिंप दोन्ही हातांनी धरून बाजूला सरकवलं. त्याला झाकण कुठे आहे ते माहीत होतं! झाकण उघडल्यावर म्हणाला, मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं की हे चरात सोडता येत नाही, टँक बदलायला हवा. मी म्हटलं, कुणाला सांगितलं होतं? त्याने गाडीतून पावतीपुस्तक आणलं. कार्बनची निळी प्रत, 2022 सालची, खाली जुन्या मालकाची सही आणि टँकरवाल्याच्या अक्षरात दोन ओळी: पाणी चरात जाते, नियमात बसत नाही, बदलणे आवश्यक.

सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात किंवा चरात सोडणाऱ्यांनी तो 1 जानेवारी 2020 पर्यंत बदलायचा होता. शोषखड्डे आणि भोकाच्या नळ्या टाकून पाणी जमिनीत जिरवणं चालतं, पण आमच्याकडची लाल चिकणमाती. खड्डा खणून पाणी ओतून बघितलं, दुसऱ्या दिवशीही ते तसंच होतं. मग शुद्धीकरणाचा छोटा प्लँट, पंप, बारमाही ओढ्यापर्यंत पाइप, त्यासाठी शेजारच्या शेतकऱ्याची लेखी संमती आणि परवानगीचा अर्ज. सगळे मिळून 17,200 पौंड.

'घेणाऱ्याने बघून घ्यावं' हे इथलं जुनं तत्त्व, त्यामुळे विकणारा गप्प राहिला तर बऱ्याचदा सुटतो. पण लेखी विचारल्यावर खोटं उत्तर दिलं तर 1967 च्या कायद्याखाली भरपाई मागता येते, मुदत साधारण सहा वर्षांची. आम्ही ती मागितली. विकणाऱ्यांच्या वकिलाचं पहिलं उत्तर आलं: अशिलाने आपल्या समजुतीप्रमाणे माहिती दिली. आम्ही निळ्या पावतीची प्रत पाठवली, तशी समजूत बदलली. कोर्टात गेलो असतो तर दहा हजारांच्या वरचा दावा, म्हणजे हरलो तर समोरच्याचाही खर्च गळ्यात. शेवटी आठ हजारांवर तडजोड केली, त्यातले दोन हजार तीनशे आमच्या वकिलाला गेले. पावती सापडली नसती तर एक पेनीही मिळाली नसती. म्हणून सांगते, खेड्यात घर घेताना आधी त्या भागातला टँकरवाला शोधा. एजंट, शेजारी, चर्चमधल्या बाई, सगळे गोड बोलतात, पण प्रत्येक घराचं खरं त्याच्या पावतीपुस्तकात असतं.

दादांना मी चार महिने काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा त्यांनी रक्कम रुपयांत विचारली, मग बराच वेळ बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात दोन घरं सोडून एक घर विक्रीला लागलं. तरुण जोडपं बघायला आलं होतं, कडेवर बाळ. मी कुंपणाशी जाऊन म्हटलं, ड्रेनेज कॅमेऱ्याने तपासून घ्या हं. ती मुलगी हसली, म्हणाली, सर्व्हे करणार आहोत की.